मागच्या चाकांतली हवा

प्रिय डल्सी,

हे पत्र हातात पडताच तू शेवटचं पान उलटशील, हे मला ठाऊक आहे. रहस्यकथासुद्धा तू अशाच वाचतेस. आधी खुनी कोण ते बघून घ्यायचं आणि मग निवांतपणे पहिल्या पानावर यायचं. या वेळी तसं करू नकोस. जन्मभर मी तुझं ऐकत आले, धाकटी म्हणून. आज एकदा माझं ऐक. चहा करून घे, पर्सीच्या पिंजऱ्यावरचं फडकं काढ, म्हणजे त्याचीही बडबड एकदाची होऊन जाईल, आणि पहिल्या ओळीपासून वाच. पाकिटावर तिकीट नाही, पण ते मी विसरले म्हणून नाही. त्याचंही कारण येईल.

तुझी सगळी पत्रं पोचली. टपालाचं विमान आठवड्यातून एकदा येतं, आणि क्लेम गेल्यापासून तुझ्या पाकिटाशिवाय ते एकदाही उतरलेलं नाही. प्रत्येक पत्रात हवापाणी वेगळं, पण गोष्ट एकच. मर्टल बोअरचं घर बंद कर आणि सेमाफोरला माझ्याकडे कायमची राहायला ये. पुढची खोली रिकामी आहे, खिडकीतून समुद्र दिसतो, डॉक्टर कोपऱ्यावर आहे. मी दर वेळी 'बघू' म्हणून टाळलं. मग क्लेमला जाऊन वर्ष झालं, बरोबर त्याच दिवसांत तुझं ते पत्र आलं. 'ज्या बाईला स्वतःच्या घरातून स्वतः बाहेर पडता येत नाही, तिनं त्या घरात एकटीनं राहू नये.' डल्सी, ते वाक्य मला असं झोंबलं की मी पत्र चुलीत टाकायला निघाले होते. टाकलं नाही, कारण ते खरं होतं.

आमच्या घरापासून बर्ड्सव्हिलच्या रस्त्यापर्यंत काय काय आहे, ते तू लग्नाच्या वेळी एकदा पाहिलंयस. आधी वाळूच्या टेकड्या, मग लाल गोट्यांचं माळरान, आणि मग तो रस्ता, ज्याला रस्ता म्हणायचं ते केवळ सरकारच्या नकाशात आहे म्हणून. तिथून पुढे मारी, आमचं बाजाराचं गाव. एवढ्या वर्षांत मी ही वाट किती वेळा केली असेल देव जाणे, पण नेहमी डावीकडच्या सीटवर बसून. आमच्याकडचा रिवाज तुला माहीत आहे. चालवणारा खाली उतरत नाही, शेजारी बसलेल्यानं फाटकं उघडायची. घरापासून रस्त्यापर्यंत अकरा फाटकं आहेत आणि प्रत्येकाची कडी वेगळ्या तऱ्हेनं हट्टी. त्या कड्यांत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. गाडी मी चालवायचे, नाही असं नाही, पण घर ते बोअर आणि बोअर ते घर. टेकड्यांच्या पलीकडे न्यायचं काम क्लेमचं. तो वाळूच्या तोंडाशी थांबायचा, उतरायचा, चारी चाकांपाशी वाकून हवा सोडायचा आणि परत चढायचा. पलीकडे जाऊन पुन्हा भरायचा. मी तोवर थर्मासमधून चहा ओतायचे. हवा किती सोडली, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही. आमचा संसार तसा बोलका नव्हता, पण सुखाचा होता. अजून चहा ओतताना मी दोन कप घेते आणि मग एक परत ठेवते. त्याची आठवण येते, डल्सी, आणि ती येणारच.

तर तुझं पत्र वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीत बसले आणि मारीला निघाले. तुला दाखवून द्यायचं म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं. पहिल्या टेकडीपाशी मी क्लेमसारखी थांबले, वाकले, त्याचं ते हवा मोजायचं पितळी मापक वाल्ववर दाबलं. छत्तीस पौंड. आता किती सोडायची? हवा सोडताना जो आवाज होतो ना, तो ऐकून माझा जीव वर-खाली होत होता. घरातलं दाणापाणी कुणीतरी बाहेर ओतून देतंय असं वाटत होतं. तीस वर आणली आणि म्हटलं, बस झालं, फार सोडली तर टायर रिममधून निसटायचा. गाडी टेकडीच्या अर्ध्यावर गेली आणि तिथं चाकं फिरायला लागली. मी आणखी जोर दिला. जोर दिला की चाक वाळू उपसतं आणि आपलीच कबर आपण खणतो. शेवटी गाडी पोटावर बसली.

मी फावडं काढलं आणि उकरत राहिले. जेवढी उकरावी तेवढी वाळू वरून परत यायची. ऊन डोक्यावर आलं. मी गाडीच्या सावलीत टेकले, पाणी प्यायले आणि मला रडू येईल असं वाटत असताना एकदम गवताची आठवण झाली.

तुला आठवतं का ते, की इतक्या वर्षांत विसरलीस? बाबा रेल्वेच्या गँगबरोबर लांब गेले होते, सायडिंगवरच्या घरी आपण तिघीच होतो, आणि आईला ताप चढून ती बरळायला लागली. ट्रकचे मागचे दोन्ही टायर फाटलेले. ट्यूबला ठिगळावर ठिगळं होती, ठिगळ लावायलाही जागा उरली नव्हती. तू पंधरा वर्षांची असशील. मला म्हणालीस, 'मर्ल, रडत बसू नकोस, गवत आण.' मी कोरड्या नाल्यातलं ते धारदार गवत कापून आणत राहिले, माझी बोटं रक्तबंबाळ झाली. तू टायरात गवत ठासून भरत होतीस, कुदळीच्या दांड्यानं ठोकून, उशीत कापूस भरावा तसं. आणि त्या गवताच्या चाकांवर तू आईला नर्सपर्यंत नेलंस. नर्स म्हणाली होती, 'ट्रक कुणी आणला?' आणि तू म्हणालीस, 'मी. का, चुकीच्या ठिकाणी लावलाय का?' ते मी अजून सांगते. आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगते. आई त्यानंतर तीस वर्षं जगली. आपल्या घरात मोठी कर्तबगारी एकच झाली, आणि ती तू केलीस.

तेव्हा मी स्वतःला म्हटलं, जिच्या बहिणीनं गवतावर ट्रक चालवला, तिनं थोड्या हवेसाठी जीव टाकावा? उठले आणि चारी चाकं सोळावर आणली. टायर खाली पसरले, भाकरीसाठी थापलेल्या पिठासारखे. पोटाखालची वाळू काढली, गाडी आधी मागे घेतली, मग हळूच पुढे. डल्सी, ती गाडी त्या टेकडीवरून अशी चालत गेली की मला खरं वाटेना. माथ्यावर मी थांबून एकटीच हसत बसले. मग तशीच एकामागून एक, प्रत्येक टेकडी.

पण गर्वाचं घर खाली. वाळू संपली, गोट्यांचं माळ लागलं, आणि मी आनंदाच्या भरात हवा भरायची विसरून तशीच सुसाट निघाले. सोळा पौंडांवर, दगडांत. एका धारदार गोट्यानं मागच्या टायरची कूस, म्हणजे बाजूची भिंत, अशी चिरली की तिला टाका घालणं शक्य नव्हतं. नक्षीच्या जागी खिळा घुसला तर दोरी घालून पंक्चर काढता येतं, पण कुशीला चीर पडली की टायर गेला. मग काय, जॅक काढला. तो जमिनीत रुतायला लागला, म्हणून त्याच्याखाली माझा पाव कापायचा पाट दिला. नट ढिले करायला पान्यावर उभी राहिले, दोन्ही पायांनी. आणि ते स्टेपनीचं चाक, ते उचलायचं कसं? मला नाही उचलत. पण उचलायचं कशाला? जमिनीवर बसले, फावडं चाकाखाली सरकवलं, त्याच्या दांड्यानं चाक वर तोललं आणि पायानं ढकलून बसवलं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मीच शोधलं. मारीला पोचले तेव्हा माझ्या अंगावर वाळू, ग्रीस आणि पावाचे तुकडे होते, आणि राणीला नसेल एवढा माझा तोरा होता.

मारीत टायरचं दुकान नॉरीचं. तू त्याला ओळखत नाहीस. त्याचं खरं नाव नूर महंमद, त्याचे पणजोबा या वाटेनं उंटांवरून सामान न्यायचे, आणि नॉरी आता त्याच वाटेवर टायर विकतो. माणूस सोन्यासारखा, पण जीभ तिखट. मला एकटीला उतरताना पाहून त्यानं आधी गाडीत वाकून पाहिलं, मग गाडीच्या मागे. 'काय मर्लबाई, गाडी चोरून आणलीत की काय?' मी म्हटलं, 'माझीच आहे, आणि जास्त बोललास तर परत घेऊन जाईन.' त्यानं तो फाटलेला टायर पाहिला, बाकीचे पाहिले आणि म्हणाला, 'हे सगळेच आता म्हातारे झालेत.' मग माझ्याकडे बघून घाईनं म्हणाला, 'टायर म्हणतोय मी.'

त्याला मला मोठे रुंद, चिखलाचे टायर विकायचे होते. बोटभर खोल नक्षी, बघूनच घाबरावं असे. शहरातून येणारे हौशी लोक तसेच घेतात. मी म्हटलं, 'नॉरी, आमच्याकडे चिखल किती वेळा होतो?' तो म्हणाला, 'नाही होत फारसा.' 'आणि झाला तर?' तो हसायला लागला, कारण झाला तर रस्ताच बंद करतात, आणि बंद रस्त्यावर चाक घातलं तर सगळा मुलूख तोंडावर थुंकतो. 'मग चिखलाचे टायर मी काय दिवाणखान्यात ठेवू?' शहरातले मऊ टायर घेता आले असते, पण त्यांची कूस पातळ, गोट्यांनी त्यांची चाळण झाली असती. तेव्हा मी मधले घेतले. ट्रकच्या जातीचे, कूस जाड, नक्षी ना फार खोल ना सपाट, अंगानं अरुंद आणि उंच. उंच अशासाठी की हवा सोडल्यावर पसरायला अंग लागतं. आणि माप तेच घेतलं, जे या वाटेवरच्या प्रत्येक गुरांच्या रानात, प्रत्येक शेजाऱ्याच्या गाडीला आहे. कारण इथं टायर फाटला तर दुकान नसतं, शेजारी असतो, आणि त्याची स्टेपनी आपल्या गाडीला बसली पाहिजे. नॉरीच्या दाराशी मेलबर्नचं एक जोडपं घडीच्या खुर्च्या टाकून बसलं होतं. त्यांची चाकं मोठ्या दिमाखाची होती आणि त्या मापाचा टायर दक्षिणेकडून ट्रकनं यायचा होता. बाई लोकर विणत होती. बरीच विणून झाली होती. मला त्यांची दया आली, पण माझी स्टेपनी द्यायची म्हटली तरी त्यांना बसली नसती.

नॉरीनं मला एक मात्र शिकवलं, आणि ते मी मान्य करते. सकाळी थंड टायर मोजायचा. मग तासभर चालवून पुन्हा मोजायचा. तापल्यावर चार पौंड वाढली तर ठीक. जास्त वाढली तर टायर फार मऊ आहे, अंग दुमडून दुमडून तापतोय. कमी वाढली तर फार कडक. दुपारी तापलेल्या टायरातली वाढलेली हवा घाबरून सोडणारे लोक दुसऱ्या सकाळी रस्त्याच्या कडेला सापडतात. 'आणि दगडांत?' मी विचारलं. तो म्हणाला, 'दगडांत थोडी कमी करा, म्हणजे टायर गोट्याला अंगावर घेतो, भांडत नाही. पण मग सावकाश जायचं. माझ्या पणजोबांचा उंट वाळूत पाय पसरायचा आणि दगडांत पाऊल जपून टाकायचा. तुम्ही वाळूतला अर्धाच उंट शिकून आलात.' मी त्याला सांगितलं की उंट शिकायला माझी हरकत नाही, पण तुझ्यासारखं थुंकायला शिकणार नाही.

त्यानंतर मी मारीला किती वेळा जाऊन आले ते विचारू नकोस. साखर संपली की जायचे. साखर नाही संपली तरी जायचे. वाळूत सोळा, गोट्यांवर सव्वीस, मोठ्या रस्त्यावर बत्तीस. आता मापक लावण्याआधी टायरच्या पोटाकडे नुसतं बघून मी आकडा सांगते आणि एक-दोन पौंडांपलीकडे चुकत नाही. पंख्याखाली बसून हे वाचताना तुला त्यात काही वाटणार नाही, पण मला वाटतं, आणि ते मी लपवणार नाही. मागच्या महिन्यात रस्त्यालगतच्या घरांना टपाल पोचवणाऱ्या कंत्राटदाराची गाडी वाटेत खोळंबली होती, त्याच्या दोन्ही स्टेपन्या वापरून झाल्या होत्या. त्याला मी माझी दिली. आधी म्हणाला, 'क्लेमची आठवण झाली बघा, तो असाच थांबायचा.' मग जाताना म्हणाला, 'आभारी आहे, मर्ल.' क्लेमची बायको नाही म्हणाला, नुसतं मर्ल म्हणाला. त्या दिवशी घरी येईपर्यंत अकराही फाटकं मला हलकी लागली.

आता लेस्टरचं. तुझ्या मुलाचा मला फोन आला होता. त्याच्यावर रागावू नकोस, मी तुला सगळं सांगणार आहे हे मी त्याला तेव्हाच सांगितलं. तो थकलेला होता, डल्सी. म्हणाला, 'मावशी, तू नक्की कधी येणार आहेस?' मी म्हटलं, 'कुठे?' मग हळूहळू बाहेर आलं. तू न्हाणीघरात पडलीस आणि मनगट मोडलं, हे तू मला कळवलं नाहीस. मी आपली समजत होते की अक्षर बिघडलंय ते नव्या चष्म्यामुळे. तुझी गाडी विकली गेली, तेही नाही. आणि त्यानं तुझ्यासाठी एक जागा पाहून ठेवली आहे, चांगली आहे म्हणतो, बाग आहे, नर्सा आहेत, पण पक्षी ठेवायची परवानगी नाही. घर विकायचं ठरत आलं होतं. त्यावर तू त्याला वर्षभर एकच सांगत आलीस की घर विकायचं नाही, कारण मर्ल राहायला येणार आहे, तिला आता एकटीला होत नाही, तिला माझी गरज आहे.

मी फोन ठेवला आणि तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. पुढची खोली, समुद्र, कोपऱ्यावरचा डॉक्टर. ज्या बाईला स्वतःच्या घरातून स्वतः बाहेर पडता येत नाही. वेडे, ते तू माझ्याबद्दल लिहिलं नव्हतंस. मला सरळ 'ये' म्हणाली असतीस तर मी चपला न घालता आले असते. पण ते तुझ्या स्वभावात नाही. गवत भरतानासुद्धा तू मला 'मदत कर' म्हणाली नव्हतीस, 'रडू नकोस' म्हणाली होतीस.

लेस्टरला मी पुन्हा फोन केला आणि म्हटलं, अजून कशावर सही करू नकोस. माझ्या मनात जे होतं ते सांगितलं. तो म्हणाला, 'तुम्ही दोघी ठार वेड्या आहात.' आणि मग, लहानपणी विचारायचा ना, तसं विचारलं, 'पण उन्हाळ्यापर्यंत आईला परत आणशील ना?' मी म्हटलं, आणीन, आणि मीही राहीन. गाडी आता मलाच चालवता येते.

परवा मारीला नॉरीकडे थांबले. पुढे सगळं डांबरी, म्हणून पुढच्या चाकांत अडतीस भरली आणि मागच्यांत त्रेचाळीस. नॉरी कमरेवर हात ठेवून बघत होता. 'मर्लबाई, एवढं शिकवलं ते वाया गेलं म्हणायचं. गाडीत मागे चिटपाखरू नाही आणि मागच्या टायरांत एवढी हवा? वजन असेल तर भरतात, रिकामी गाडी उड्या मारत जाईल.' मी म्हटलं, 'मारू दे.' त्यानं पुष्कळ विचारलं, मी काही सांगितलं नाही. खरंच, वाटभर ती गाडी उधळलेल्या वासरासारखी उडत आली आणि माझी कंबर धरली. वाटेतल्या हॉकर गावच्या बागेतल्या बाकावर बसून हे लिहिते आहे. जवळच एक कुटुंब शेगडीवर सॉसेज भाजतंय आणि मलाही एक आणून दिलं.

आता शेवटचं पान. हे हॉकरला लिहिलेलं नाही. पाकिटावर तिकीट नाही, कारण पाकीट मी स्वतः तुझ्या टपालपेटीत टाकलं आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू आधी 'नको' म्हणाली असतीस आणि मग त्या 'नको'ची लाज राखण्यासाठी तिथेच अडून बसली असतीस. तू काहीही दोनदा वाचल्याशिवाय ठरवत नाहीस, म्हणून दोनदा वाच. मी बाहेरच आहे. तुझ्या कुंपणापलीकडे, जांभळ्या फुलांच्या झाडाखाली, गाडीत. मी तुझ्याकडे राहायला आलेली नाही, तुला न्यायला आले आहे. थंडीचे महिने माझ्याकडे, उन्हाळा दोघींचा तुझ्याकडे समुद्रावर. कुणाचंही घर विकायचं नाही. डॉक्टर कोपऱ्यावर नाही, हे खरं, पण विमानातून येतो आणि आपल्या धावपट्टीवर उतरतो. पर्सीच्या पिंजऱ्यासाठी सीटमागे जागा केली आहे. त्यानं आयुष्यात दुसरा पोपट पाहिलेला नाही, आमच्या बोअरवर संध्याकाळी त्याचे हजारो भाऊबंद पाणी प्यायला येतात, बघून त्याची बोलती बंद होईल. आणि मला माणूस हवं आहे, डल्सी. अकरा फाटकं आहेत आणि प्रत्येकाला मला दोनदा उतरावं लागतं. तुझ्या मनगटाला झेपतील अशा कड्यांपासून सुरुवात करू. नको असेल तर तसं सांग, मी चहा पिऊन परत जाईन, रागावणार नाही. पण हो असेल तर शिवणयंत्रही घे, ती लोखंडी पेटीही घे, काहीही मागे ठेवू नकोस. मागच्या चाकांत हवा तुझं सगळं सामान धरूनच भरली आहे.

तुझीच, फाटकाबाहेर थांबलेली,
मर्ल